कंटेनरमधला कॅसँड्रा क्लस्टर: सांगलीचे दोन नोड जुळले, साताऱ्याचा अडकून बसलाय

विश्रामबाग
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला उलट प्रश्न कमी विचारावे लागतील.

तासगाव-मिरज भागातल्या बेदाण्याच्या शीतगृहांतल्या तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी आम्ही गोळा करतो. डेटाबेस कॅसँड्रा ४.१, म्हणजे डेटा अनेक मशीनवर (नोडवर) वाटून ठेवणारा; असे नोड मिळून क्लस्टर. तीन लिनक्स मशीन, प्रत्येकावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन), तिन्ही एका स्वार्ममध्ये (अनेक मशीन एकत्र बांधायची डॉकरची सोय). दोन मशीन सांगलीच्या ऑफिसात आहेत, तिसरं साताऱ्याला एमआयडीसीतल्या गोदामात. साताऱ्यालाच का, तर २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की शहरातली वीज, नेट, रस्ते सगळ्याचाच भरवसा संपतो. नेमका त्याच वेळी शेतकऱ्याचा माल शीतगृहात असतो आणि त्याला आत किती तापमान आहे हे कळायला हवं असतं. म्हणून एक पाय पुराबाहेर.

सांगली-सातारा वायरगार्ड या व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद बोगद्याने) जोडलंय, आणि त्याच्यावरून स्वार्मचं ओव्हरले नेटवर्क, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरच्या कंटेनरना एका जाळ्यात आणणारं आभासी नेटवर्क. अडचणी दोन आहेत.

पहिली: सांगलीचे दोन्ही नोड 'नोडटूल स्टेटस'मध्ये (क्लस्टरची हालत दाखवणारी कमांड) यूएन, म्हणजे चालू आणि सामील, दिसतात. साताऱ्याचा नोड यूजेला येतो, म्हणजे जॉइन व्हायला लागतो, आणि तिथेच राहतो. पिंग जातो. साताऱ्याच्या कंटेनरमधून सांगलीच्या ७००० पोर्टला (नोड आपापसात बोलतात तो) कनेक्शन लागतं. क्लस्टरचं नाव, सीड (नवा नोड आधी ज्याला गाठतो तो नोड), सगळं जुळतंय. लॉगमध्ये एरर म्हणावा असा काही नाही.

दुसरी: सेन्सरच्या नोंदी घेणारा आमचा जावा प्रोग्राम स्वार्मच्या बाहेर, ऑफिसच्या लॅनवर चालतो. तो ९०४२ला (क्लायंटसाठीचा पोर्ट) जोडला जातो आणि लगेच १०.०.१ ने सुरू होणाऱ्या कुठल्यातरी पत्त्याकडे धावून टाइमआउट होतो.

हा कॅसँड्राचा दोष की डॉकरच्या नेटवर्कचा? कुठून धरू?

कंदीपेढा
साताऱ्याचा नोड आहे, पाहुणचार झाल्याशिवाय आत येणार नाही. :) वाचतोय. आमच्याकडेही असंच काहीतरी उभं करायचं चाललंय.

मिरजजंक्शन
दोन्ही अडचणींची मुळं वेगळी दिसतात. मी दुसरी घेतो, ती सोपी आहे.

कॅसँड्रासारखा डेटाबेस कंटेनरमध्ये टाकला की एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची: नोड कुठल्या पत्त्यावर ऐकतो आणि तो जगाला स्वतःचा कुठला पत्ता सांगतो, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. वेब सर्व्हरला याची फिकीर नसते. पोर्ट मॅप केलं की काम झालं, कारण क्लायंट त्याच पोर्टला येतो आणि तिथूनच उत्तर घेऊन जातो. क्लस्टरमधला डेटाबेस मात्र आल्या-गेल्याला म्हणतो, "माझे भाऊबंद अमुक पत्त्यावर आहेत, त्यांच्याशीही बोला." तो पत्ता कंटेनरच्या आतला असेल तर बाहेरच्याला त्याचा काय उपयोग? ऑफिसच्या इंटरकॉमचा नंबर गावातल्या माणसाला दिल्यासारखं होतं.

तुमचा जावा ड्रायव्हर पहिल्यांदा तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जातो, तिथून बाकीच्या नोडांची यादी घेतो आणि थेट त्यांना गाठायला बघतो. यादीत ओव्हरलेचे १०.०.१ वाले पत्ते आहेत, लॅनवरून ते दिसणारच नाहीत. म्हणजे 'पहिल्यांदा जोडतो, मग लटकतो'.

चार सेटिंग समजून घ्या. लिसन अ‍ॅड्रेस म्हणजे नोड-नोड गप्पांसाठी कुठे कान लावायचा. ब्रॉडकास्ट अ‍ॅड्रेस म्हणजे इतर नोडना कुठला पत्ता सांगायचा. आरपीसी अ‍ॅड्रेस म्हणजे क्लायंटसाठी कुठे ऐकायचं. आणि ब्रॉडकास्ट आरपीसी अ‍ॅड्रेस म्हणजे क्लायंटला काय सांगायचं. आरपीसी अ‍ॅड्रेस ०.०.०.० ठेवता येतो, पण मग ब्रॉडकास्ट आरपीसी द्यावाच लागतो, नाहीतर नोड सुरूच होत नाही. लिसन अ‍ॅड्रेस मात्र ०.०.०.० कधीच चालत नाही.

तुमच्यासाठी: प्रत्येक नोडचा ब्रॉडकास्ट आरपीसी त्या मशीनच्या लॅनच्या पत्त्यावर ठेवा, आणि ९०४२ पोर्ट स्वार्मच्या इनग्रेसमधून (विनंत्या मशीनांत वाटून देणारं मेश जाळं) न देता होस्ट मोडमध्ये, म्हणजे थेट त्या मशीनवर, उघडा. इनग्रेसमधून दिलंत तर मेशमुळे विनंती भलत्याच नोडवर जाऊ शकते. ड्रायव्हरला वाटतं मी एकाशी बोलतोय आणि समोर असतो दुसराच.

प्रीतिसंगम
मिरजजंक्शन यांना +१. त्यात भर घालतो. डॉकर हबवरची अधिकृत इमेज लिसन अ‍ॅड्रेसला 'ऑटो' धरते, म्हणजे कंटेनरला जो पहिला लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा) नसलेला पत्ता सापडेल तो. साध्या कंटेनरला एकच इंटरफेस असतो, तिथे भागतं. स्वार्ममध्ये इनग्रेसचा एक, तुमच्या ओव्हरलेचा एक आणि बाहेर जाण्यासाठी गेटवे ब्रिजचा एक, असे तीन-तीन निघतात. त्यातला भलताच निवडला गेला की नोड असा पत्ता सांगत बसतो जो दुसऱ्या मशीनवरून गाठताच येत नाही. कंटेनरमध्ये शिरून सगळे इंटरफेस बघा, आणि 'नोडटूल स्टेटस'मधला पत्ता नक्की ओव्हरलेचाच आहे का ते ताडून बघा.

दुसरं, फायरवॉल. स्वार्मला मशीन-मशीनमध्ये २३७७ टीसीपी, ७९४६ टीसीपी आणि यूडीपी, आणि ४७८९ यूडीपी लागतं. शेवटचं विसरलं की मजा येते. स्वार्म निरोगी दिसतं, कंटेनर सुरू होतात, आणि कंटेनर-कंटेनरमधून पिंगसुद्धा जात नाही.

विश्रामबाग
पत्ता ओव्हरलेचाच आहे, बघितलं. ४७८९ उघडं आहे, पिंग जातोय. ब्रॉडकास्ट आरपीसीचं आज रात्री करून बघतो.

घाटमाथा
पिंग जातो, ७००० लागतं, एरर नाही, आणि जॉइन होताना लटकतं. एवढं ऐकून मला एकच संशय येतो: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार.

आधी दोन कमांड चालवा. सांगलीच्या नोडवर 'नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर': स्कीमाच्या (टेबलांच्या रचनेच्या) दोन वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतात का? आणि साताऱ्याच्या नोडवर 'नोडटूल नेटस्टॅट्स': स्ट्रीमिंग (जुन्या नोडांकडून डेटा येणं) सुरू झालंय पण पुढे सरकत नाही असं आहे का?

आता कारण. गॉसिपचे, म्हणजे नोड एकमेकांना हालहवाल कळवतात ते, निरोप दर सेकंदाला जातात आणि तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये ते छोटे असतात. छोटं पॅकेट कुठल्याही बोगद्यातून निघून जातं. पिंगही डिफॉल्टमध्ये छोटाच असतो. टीसीपीचं पहिलं हस्तांदोलन तर फारच छोटं. म्हणून वरवर बघितलं की सगळं जोडलेलं. नवा नोड जॉइन होताना मात्र जुन्यांकडून खरा डेटा घेतो, पॅकेट पूर्ण भरून निघतात, आणि तिथे अडकतात.

हिशेब असा. इथरनेटचा एमटीयू १५००. डॉकर ओव्हरले व्हीएक्सलॅन (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळायची पद्धत) वापरतं, त्याचं वेष्टण ५० बाइट, म्हणून कंटेनरला डॉकर १४५० देतं. पण तुमच्याकडे खाली इथरनेट नाही, वायरगार्ड आहे. त्याचा डिफॉल्ट १४२०. म्हणजे कंटेनरला मिळायला हवा १४२० वजा ५०, १३७०. कंटेनर १४५०चं पॅकेट सोडतो, वर ५० चढले की १५००, आणि समोरचं दार १४२०चं. मोठं पॅकेट गळतं, टीसीपी पुन्हा पाठवतं, ते पुन्हा गळतं. पॅकेट फार मोठं आहे हे सांगणारा आयसीएमपीचा निरोप कुठे अडला किंवा टाकून दिला गेला, तर कंटेनरला काही कळायचा मार्गच उरत नाही.

तपासायला साताऱ्याच्या कंटेनरमधून सांगलीच्या कंटेनरला तुकडे न करण्याचा झेंडा लावून पिंग करा, आकार १४२२. आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ धरून तो १४५० होतो. गेला नाही तर १३४२ने करून बघा. १३४२ गेला आणि १४२२ अडला की निदान पक्कं. कॅसँड्राच्या इमेजमध्ये पिंग नसतो, त्यामुळे नेटशूटसारखा साधनांचा कंटेनर त्याच ओव्हरलेला जोडा. त्यासाठी ओव्हरले बनवताना 'अटॅचेबल' लावलेलं असायला हवं.

द्राक्षबाग
मूळ प्रश्नाला थोडा छेद देतो, राग नसावा.

पुरापासून डेटा वाचवायचाय ना? मग पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या, सांगलीत मुख्य, साताऱ्यात स्ट्रीमिंग रेप्लिका (सतत ताजी होणारी प्रत), आणि रोज रात्री एक बॅकअप तिसरीकडे. कंटेनरही नको. मिनिटाला एक नोंद देणारे शीतगृहाचे सेन्सर पोस्टग्रेसला जड नाहीत. तीन नोडांचा वितरित डेटाबेस, त्याच्यावर स्वार्म, त्याच्याखाली व्हीपीएन, एवढे थर पुराच्या रात्री कोण सोडवत बसणार? मी छोट्या कारखान्यांची कामं करतो. जे रात्री दोनला झोपेतून उठून एकट्याला दुरुस्त करता येत नाही, ते मी बसवत नाही.

विश्रामबाग
राग कसला, विचारायलाच हवं होतं. पण एक बाजू सांगतो. पोस्टग्रेसच्या रेप्लिकात लिहिता येत नाही. सांगली बुडाली तर साताऱ्याला मुख्य करावं लागेल, आणि हा निर्णय कोणीतरी शुद्धीवर राहून घ्यायला हवा. आमच्याकडे उलटही होतं: मधली लाइन तुटते, दोन्ही बाजू जिवंत असतात, आणि साताऱ्याकडच्या शीतगृहांच्या नोंदी साताऱ्यातच लिहिल्या जायला हव्या असतात. लाइन आली की दोन्ही बाजू आपोआप जुळाव्यात, म्हणून कॅसँड्रा. नोंदी फक्त भर पडणाऱ्या आहेत, जुनी बदलायची वेळ येत नाही, त्यामुळे जुळवताना भांडणही नाही.

द्राक्षबाग
लाइन तुटलेली असताना दोन्हीकडे लिहायचं, हे कारण पटलं. तेवढ्यासाठी कॅसँड्रा रास्त आहे. पण मग रेप्लिकेशन (प्रती कुठे आणि किती) नीट ठरवलंय का? सांगली आणि सातारा ही दोन वेगळी डेटासेंटर म्हणून द्या, सिंपल स्ट्रॅटेजी (जागा न बघता प्रती ठेवणारी पद्धत) वापरू नका. आणि सांगलीत दोनच नोड असून तिथे रेप्लिका २ आणि लोकल कोरम (तिथल्या बहुसंख्य प्रतींचा होकार हवा) ठेवलात, तर दोनाचा कोरम दोनच होतो. एक मशीन बंद पडलं की लिहिणं थांबलं. सांगलीत तिसरं मशीन घ्या नाहीतर लोकल वनवर (तिथल्या एका प्रतीचा होकार पुरे) राहा. दोन नोडांचा कोरम उपयोगाचा नाही, हे कॅसँड्रालाच नव्हे, बहुमतावर चालणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे.

अजिंक्यतारा
मी साताऱ्यातलाच. लाइन तुटण्याबद्दल विश्रामबाग यांनी जे लिहिलंय ते अगदी खरं. महामार्गाच्या कडेला काम निघालं की जेसीबीच्या दातात फायबर सापडतं, आणि मग दुपारभर बसा.

पण माझा प्रश्न वेगळा. साताऱ्याच्या जोडणीला स्वतःचा पब्लिक पत्ता आहे का? बऱ्याच ठिकाणी आता कॅरियरच्या नॅटमागची (एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेली) जोडणी मिळते. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, बाहेरून आत यायला वाट नाही. अशा वेळी साताऱ्याच्या बाजूला वायरगार्डचा पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा निरोप) २५ सेकंद ठेवा. नाहीतर साताऱ्याकडून काही निघालं नाही की नॅटमधली नोंद पुसली जाते, आणि सांगलीचा निरोप दारात अडकतो. दोन्हीकडे नॅट असेल तर मध्ये पब्लिक पत्त्याचं एखादं छोटं भाड्याचं मशीन लागतंच.

विलंबाचंही बघा. सांगली-सातारा अंतर साधारण १२० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वा मिलिसेकंद. प्रत्यक्षात पॅकेट पुणे-मुंबईला वळसा घालून येतं, त्यामुळे ते कितीतरी जास्त भरतं. कॅसँड्राला याचं वावडं नाही, पण लाइन डळमळत असेल तर नोड मेला असं ठरवायचा उंबरा, फाय कन्व्हिक्ट थ्रेशोल्ड, ८ वरून १० किंवा १२ करा. नाहीतर नोड सारखा मेला-जगला होत राहतो.

विश्रामबाग
सांगलीला स्थिर पत्ता आहे, सातारा नॅटमागे आहे. कीपअलाइव्ह २५ लावलेला आहे.

प्रीतिसंगम
घाटमाथा, एमटीयूचा संशय पटला. पण एवढा हिशेब कशाला? दोन्हीकडच्या राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) क्लॅम्प, म्हणजे मर्यादित, करायचा नियम टाकला की सुटलं. आमच्या कराडच्या ऑफिसात व्हीपीएनला हेच करून वर्षानुवर्षं चाललंय.

घाटमाथा
इथे ते चालणार नाही, आणि का चालणार नाही हे समजून घेण्यासारखं आहे. क्लॅम्पचा नियम टीसीपीच्या हस्तांदोलनातला आकडा बदलतो, त्यासाठी राउटरला टीसीपीचं पॅकेट दिसायला हवं. तुमच्या कराडच्या व्हीपीएनमध्ये ते दिसतं. ओव्हरलेमध्ये कंटेनरचं टीसीपी व्हीएक्सलॅनच्या पोटात असतं. राउटरला दिसतं फक्त ४७८९चं यूडीपी, तेसुद्धा वायरगार्डच्या आत कुलूपबंद. बदलणार काय? त्यामुळे आकडा ओव्हरले नेटवर्कवरच दुरुस्त करावा लागतो.

अजून एक. डॉकरच्या डीमनच्या फाईलमध्ये एमटीयू लिहून लोक निवांत होतात. ते फक्त डिफॉल्ट ब्रिजला लागू होतं. ओव्हरलेसाठी नेटवर्क बनवतानाच ड्रायव्हरच्या पर्यायात एमटीयू द्यायचा. आधीच बनलेल्या नेटवर्कचा आकडा बदलत नाही, ते काढून नव्याने बनवावं लागतं.

प्रीतिसंगम
बरोबर आहे. पोटातलं दिसत नाही हे लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

तिसऱ्यावर्षाला
नमस्कार सर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर विंडोजमध्ये डॉकर डेस्कटॉप टाकून तीन कॅसँड्रा कंटेनर सुरू केले, प्रत्येक साध्या 'डॉकर रन'ने. तिन्ही चालू आहेत पण प्रत्येकात 'नोडटूल स्टेटस' फक्त स्वतःलाच दाखवतं. आणि मधूनच एखादा कंटेनर गायब होतो. हाही एमटीयूचाच प्रकार का? धागा भरकटत असेल तर माफ करा.

मिरजजंक्शन
भरकटत नाही, बाळा, हा याच घराण्यातला प्रश्न आहे. पण एमटीयू नव्हे.

सीड दिला नाही की अधिकृत इमेज स्वतःलाच सीड धरते. त्यामुळे तुझ्याकडे तीन नोडांचा एक क्लस्टर नाहीये, एकेका नोडाचे तीन क्लस्टर आहेत, आणि तिघेही आपापल्या घरी सुखी. दुसरं म्हणजे डॉकरच्या डिफॉल्ट ब्रिजवर कंटेनर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. स्वतः नेटवर्क बनवलं, किंवा कंपोज (अनेक कंटेनर एकत्र उठवायचं डॉकरचं साधन) वापरलं तर तेच बनवतं, की १२७.०.०.११ वर डॉकरचा आतला डीएनएस मिळतो आणि नावं चालतात. मग पहिल्या कंटेनरचं नाव बाकी दोघांना सीड म्हणून दे. आणि तिन्ही एकदम उठवू नकोस. एक यूएन झाला की मगच पुढचा.

गायब होणाऱ्याचा एक्झिट कोड बघ. १३७ असेल तर नेटवर्कचा काही संबंध नाही, मेमरी संपली म्हणून कर्नलने त्याला मारलं. १२८ अधिक ९, नऊ म्हणजे किल. तीन जावा प्रक्रिया एका लॅपटॉपवर चालवायच्या तर प्रत्येकाचा हीप (जावाला मिळणारी मेमरी) हाताने बांधून दे. ही चूक फार जण करतात: नोड मेमरीने पडतो, बाकीच्या नोडना तो 'डाउन' दिसतो, आणि माणूस रात्रभर नेटवर्क तपासत बसतो.

डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनर एका आतल्या आभासी मशीनमध्ये चालतात. त्यांचे १७२ वाले पत्ते विंडोजवरून गाठता येत नाहीत. तुझा पायथनचा प्रोग्रामही त्याच नेटवर्कमधल्या कंटेनरमध्ये चालव, अर्धी डोकेदुखी वाचेल.

तिसऱ्यावर्षाला
१३७च आहे सर. खूप आभार. आमच्या ग्रुपला दाखवतो.

हळदपेव
'पत्ता कोणता सांगायचा' हे दुखणं एकट्या कॅसँड्राचं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची आकडेवारी जमवणारी प्रणाली आहे. तिच्यात रेडिस या डेटाबेसचा क्लस्टर होता. रेडिसचा नोड ६३७९वर क्लायंटशी बोलतो आणि आपापसात बोलायला त्यात १०,००० मिळवून १६३७९ वापरतो. पहिला पोर्ट मॅप केला, दुसरा राहिला, की क्लस्टर बनवताना 'वाट बघतोय' असे ठिपके पडत राहतात, अखंड. दोन्ही मॅप केले तरी नोड आतलाच पत्ता सांगतो. त्यासाठी क्लस्टर अनाउन्स आयपी आणि त्याचे दोन पोर्ट वेगळे द्यावे लागतात. रेडिसच्या कागदपत्रांतही डॉकरसाठी होस्ट नेटवर्क वापरा असंच लिहिलंय.

मोंगोत रेप्लिका सेट बनवताना सदस्यांची जी नावं लिहाल, तीच क्लायंटच्या हातात पडतात. कंटेनरची नावं लिहिली तर ऑफिसच्या मशीनला ती उलगडत नाहीत. काफ्कात अ‍ॅडव्हर्टाइझ्ड लिसनर, इलॅस्टिकसर्चमध्ये पब्लिश होस्ट, कॉक्रोचमध्ये अ‍ॅडव्हर्टाइझ अ‍ॅड्रेस. नाव प्रत्येकाचं वेगळं, काम एकच. नवा डेटाबेस हातात घेतला की मी आता सगळ्यात आधी हे सेटिंग शोधते.

म्हणून माझं सरळ मत: एका मशीनवर एकच नोड असेल तर ओव्हरलेचा अट्टहास सोडा आणि कंटेनर होस्ट नेटवर्कवर चालवा. इमेज, आवृत्त्या, व्हॉल्यूम, डॉकरचे हे फायदे राहतात, आणि पत्त्यांचा गुंता जातो.

प्रीतिसंगम
ताई, होस्ट नेटवर्कने कंटेनरचा अर्धा फायदा जातो. एका मशीनवर दोन नोड ठेवता येत नाहीत, पोर्ट भिडतात. कंटेनर इकडून तिकडे हलवला की पत्ता बदलला.

हळदपेव
दादा, डेटाबेसचा कंटेनर हलवायचा असतो कुठे? त्याचा डेटा त्या मशीनच्या डिस्कवर आहे. डेटा मागे ठेवून नुसता कंटेनर दुसरीकडे उठला तर तो नवा, रिकामा नोड होतो, आणि जुना यादीत डीएन (बंद पडलेला) म्हणून रेंगाळतो, त्याला रिमूव्हनोडने काढावं लागतं. वेब सर्व्हरला फिरू द्या. डेटाबेसला मशीनशी बांधूनच ठेवायचं.

घाटमाथा
मी हळदपेव ताईंच्या बाजूने. कुबरनेटीस या स्वार्मसारख्याच साधनावाल्यांनीही शेवटी यासाठी स्टेटफुलसेट आणि हेडलेस सर्व्हिस काढली. नोडला कायमचं नाव आणि कायमची डिस्क लागते, हे तिथेही मान्य करावं लागलं.

स्वार्ममध्येच राहणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना. सर्व्हिसचं नाव डीएनएसने विचारलं की खऱ्या कंटेनरचा पत्ता येत नाही, व्हर्च्युअल आयपी येतो. ते सीड म्हणून दिलंत तर जोडणी कुणाकडे जाईल सांगता येत नाही. शिवाय त्या व्हर्च्युअल आयपीमागच्या आयपीव्हीएसमध्ये (जोडण्या वाटून देणारी लिनक्सची सोय) १५ मिनिटं गप्प राहिलेली जोडणी विसरली जाते, आणि लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह डिफॉल्टमध्ये पहिल्यांदा जागा होतो दोन तासांनी. मधल्या काळात दोन्ही टोकांना वाटतं जोडणी जिवंत आहे. रात्री काही चालत नाही, सकाळची पहिली क्वेरी लटकते, दुसरी लगेच जाते. अशी तक्रार ऐकली की आधी इथे बघा. उपाय: प्रत्येक नोडची वेगळी सर्व्हिस, एंडपॉइंट मोड डीएनएसआरआर (नावाला थेट कंटेनरचा पत्ता येतो), आणि कीपअलाइव्ह ६० सेकंदांवर.

कंदीपेढा
हे शेवटचं आमच्याकडे रोज सकाळी होतं! आम्ही त्याला 'पहिल्या चहाची क्वेरी' म्हणतो. आजच बदलतो.

विश्रामबाग
मंडळी, निकाल घेऊन आलोय.

घाटमाथा यांनी सांगितलेला पिंग आधी केला. १४२२ गेला नाही, १३४२ गेला. नेटस्टॅट्समध्ये स्ट्रीमिंगच्या फाइली शून्यावरच थांबलेल्या होत्या. ओव्हरले काढून १३७०च्या एमटीयूने पुन्हा बनवलं, साताऱ्याच्या नोडचा अर्धवट डेटा पुसून त्याला नव्याने उठवलं. या वेळी स्ट्रीमिंग सरकताना दिसलं आणि नोड यूएनला आला. डिस्क्राइबक्लस्टरमध्ये आता स्कीमाची एकच आवृत्ती आहे.

ब्रॉडकास्ट आरपीसी लॅनच्या पत्त्यावर नेल्यावर जावा प्रोग्रामही चालला. म्हणजे मिरजजंक्शन म्हणाले तसंच, दोन अडचणी, दोन वेगळी मुळं.

पण इथल्या चर्चेनंतर आम्ही आणखी एक ठरवलं आणि केलं. हळदपेव ताईंचं पटलं, कॅसँड्रा ओव्हरलेवरून काढून होस्ट नेटवर्कवर आणला. लिसन आणि ब्रॉडकास्ट दोन्ही वायरगार्डचा पत्ता. आता मध्ये व्हीएक्सलॅनच नाही, टीसीपी थेट वायरगार्डचा १४२० बघून आपला आकार ठरवतं, हाताने लिहिलेला आकडा सांभाळायची गरज संपली. द्राक्षबाग यांनी रात्री दोनचं जे लिहिलं होतं ते डोक्यात होतं. एक थर तरी कमी झाला. सांगलीत तिसरं मशीनही मंजूर झालंय, तोवर लोकल वन.

द्राक्षबाग
छान. आता एक काम पुराआधी करा: भर दिवसा, सगळे हजर असताना, सांगलीची लाइन मुद्दाम काढा. साताऱ्यात नोंदी लिहिल्या जातात का, आणि लाइन परत आल्यावर त्या सांगलीत दिसतात का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. हिंट (न पोचलेल्या नोडसाठी बाजूला ठेवलेली लेखनं) डिफॉल्टमध्ये तीन तासच साठतात. लाइन त्याहून जास्त वेळ गेली तर रिपेअर (प्रती ताडून जुळवायचं काम) चालवावंच लागेल. पुरात ती तीन तासांत येत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

प्रीतिसंगम
होस्ट नेटवर्कवर गेलात तर फायरवॉलही पुन्हा तपासा. डॉकरने मॅप केलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडे राहतात. होस्ट नेटवर्कवर मात्र यूएफडब्ल्यूचे नियम खरेखुरे लागू होतात. ७००० आणि ७१९९ (नोडटूलचे हुकूम येतात तो) फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवरून, ९०४२ फक्त लॅनवरून. ७१९९ तर बाहेर अजिबात नको, तिथून नोडच बंद करता येतो.

अजिंक्यतारा
घड्याळाचं कुणी बोललं नाही. कॅसँड्रात एकाच ओळीवर दोनदा लिहिलं गेलं तर उशिराच्या वेळेचं लेखन टिकतं. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, ते होस्टचंच असतं. त्यामुळे क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) होस्टवर चालवा, कंटेनरमध्ये नको. साताऱ्याचं मशीन वीज गेल्यावर चुकीच्या वेळेने उठतं का तेही बघा, जुन्या मदरबोर्डची बॅटरी संपलेली असते.

विश्रामबाग
क्रोनी तिन्हीकडे आहे, बॅटरी बघायला सांगतो. लाइन काढायची चाचणी येत्या रविवारी ठेवतो, शीतगृहवाल्यांना आधी कळवून. रिपेअर आठवड्यातून एकदा क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावलाय, पूर ओसरल्यावर हाताने एकदा वेगळा चालवू. चाचणीत काय झालं ते इथेच लिहीन.

अजिंक्यतारा
रविवारी साताऱ्याच्या गोदामावर माणूस लागला तर सांगा, मी एमआयडीसीतच असतो.